काचेतला दर्या

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी मालाडमध्ये ‘समुद्र विकायला काढलाय!’ ही किनाऱ्यावरच्या भरावाविरुद्धची आमची पत्रकं घरोघर वाटत होते. एका कोळी माणसाने दार उघडलं. पन्नाशीचा असेल, हात कोपरापर्यंत ओले. पत्रक चिमटीत धरून म्हणाला, “उशीर केलात.”

आत मोठा काचेचा टँक होता, पाणी पिवळं झालेलं. एकेक तुकडा दगडाला चिकटवून त्याने तळभर मऊ प्रवाळ वाढवला होता. हिरव्या गवतासारखा डुलायचा म्हणे. आता सगळा मिटून जांभळट साल उरली होती.

“काल मी ड्युटीवर होतो. आईने पूजा केली. हळद, कुंकू, नारळ, सगळं आत,” तो हळूच म्हणाला. “मेलंय सगळं. पण तिला काय बोलू? हाच आपला दर्या, असं मीच सांगितलं होतं.”

माझं डोकं फिरलं. बिल्डरांनी किनाऱ्यावर होडी लावायला जागा ठेवली नाही, ह्याच्या म्हातारीला चौथ्या मजल्यावर आणून टाकलं. मग तिने नारळ वाहायला जायचं कुठे?

तो तळहाताच्या आडोशाने, आईला दिसू नये अशा बेताने, सडलेले तुकडे कात्रीने कापत होता.

सोफ्यावरून म्हातारी म्हणाली, “दर्या कालपासून झोपलाय. उठंल ना रं?”

“उठेल, आई.”

“हा उगाच बोलतो. तू सांग गो पोरी.”

त्याचा हात पाण्यात थांबला.

“उठेल, आजी,” मी म्हणाले.

म्हातारी खुलली. “मग पुढल्या पुनवेला मोठा नारळ आण रं.”

“आणतो,” तो म्हणाला.