माया न सोडलेला कोट

मास्तर म्हणजे आमच्या शिवणकारखान्याचे कटर. एकतीस वर्षं त्यांचीच कात्री चालली. नव्या बायांना पहिला धडा एकच: खडूच्या रेघेवर कापायचं नाही, बाहेर बोटभर माया, म्हणजे शिवणीपुरतं जास्तीचं कापड, सोडायची. माया नसली तर शिवण उसवते, कपड्याची असो की घराची.

अलीकडे मात्र चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. एकदा मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. त्यांच्या लेकीनं त्यांच्या मेंदूचा स्कॅन करून आणला. "घरातल्या घरात माहीत असावं, एवढंच," म्हणाली. आठ दिवसांत तो फोटो मालकाच्या टेबलावर! मेंदूभर लाल-पिवळं. मास्तरांची कात्री गेली जावयाच्या हाती. हा जावई काल-परवापर्यंत त्यांच्याच हाताखाली खिशांचे तुकडे कापत होता.

"अमायलॉइड साचलंय, विसरण्याच्या आजाराचा थर," जावई मालकाला सांगत होता. "डोकं पार भरलंय. उद्या कुणाच्या पँटला तीन पाय काढतील."

माझं टाळकं सटकलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण कामगारांचे दवाखान्याचे कागद वाचून नजर तयार झालीय. त्या फोटोखाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पान एक, एकूण दोन.'

"दुसरं पान कुठंय गं?" नवऱ्याशेजारी उभ्या लेकीला मी विचारलं.

"हरवलं," लेक म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मास्तरांना घेऊन मी तडक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दुसरं पान छापून दिलं: विसर सौम्य, सवयीचं काम जमतं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

"थर दिसला म्हणजे आजार आहे, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण माणूस किती विसरलाय ते थरावरून नाही ठरत. त्याच्याशी बोलावं लागतं, त्याचं काम बघावं लागतं."

"अस्तरावरचा डाग म्हणा की," मास्तर म्हणाले. "कोट बसतो की नाही, ते अंगात घालूनच कळतं."

कारखान्यात परतलो, तर मालकानं दुसरं पान दोनदा वाचलं. "कापून दाखवा," म्हणाला.

टेबलावर गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड होतं. मास्तरांनी आखलं, कापलं. सगळीकडे बोटभर माया, केसाचा फरक नाही. मग त्यांनी शेजारचं कापड ओढलं. ते जावयाचं स्वतःचं. कटर झाल्याच्या आनंदात आणलेलं. त्याचं माप मास्तरांना पाठच होतं, झरझर आखलं. कात्री बरोब्बर खडूच्या रेघेवरून फिरली.

"बघा, बघा!" जावई ओरडला. "माया सोडायची विसरले!"

"विसरलो नाही, जावईबापू. गिऱ्हाइकाला सोडली, तुम्हाला नाही सोडली."

मालक हसला आणि कात्री मास्तरांपुढे सरकवली. लेक दारातच उभी होती. "बाबा..." म्हणाली. मास्तर खडू झटकत बाहेर आले.

"दुसरं पान हरवलं नव्हतं," जिन्यात ते मला म्हणाले. "माझ्यासमोर घडी करून तिनं पर्समध्ये टाकलं होतं. वाटलं, घरी वाचून दाखवेल."

चष्मा कपाळावरच होता. तरी तो शोधत खिसे चाचपत राहिले. या वेळी मी सांगितलं नाही; त्यांना डोळे पुसायचे होते.