टँकरमधला हात

तापलेल्या डिझेलचा वास आला की तो टँकर आठवतो. लातूर जिल्हा नवाच झाला होता, दुष्काळ होता. भर दुपारी अहमदपूरहून चाकूरला स्कूटरवर निघालो होतो. मागे बायको, तिच्या मांडीवर आमची एक वर्षाची मुलगी. घाईत मी पाण्याच्या एका टँकरला कट मारला. मग सात किलोमीटर तो हॉर्न न वाजवता आमच्या अगदी पाठीला लागून आला. जाब विचारायला थांबणार, तोच बायको म्हणाली, "अहो, इथं नको. माणसं असतील तिथं थांबा." महादेवाच्या देवळापाशी वळलो. टँकरही थांबला. इंजिन चालूच, काचेवर ऊन, आत कोणी दिसेना. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, म्हणून देवळातला म्हातारा तांब्या घेऊन टँकरच्या खिडकीशी गेला. "घ्या मालक, पाणी प्या." मग एक हात बाहेर आला, तांब्या रिकामा परत आला आणि टँकर ओली रेघ सोडत निघून गेला. "हात लई थरथरत होता," म्हातारा म्हणाला, "कवाधरनं झोपला न्हाई कुणास ठाऊक." मुलगी पाण्यासाठी रडत होती. देवळाच्या रांजणातलं उरलेलं सगळं पाणी त्याच तांब्यात गेलं होतं. आज मागून कोणी अंगावर आलं की मी आधी वाट देतो. चेहरा बघत नाही; तोही कधीपासून झोपला नसेल.