शेळ्यांखालची माणसं

आमच्या महापालिकेच्या कचेरीतला शिपाई मल्हारी खोटं बोलत नाही, फक्त आकडा सांगत नाही. त्याच्या वाडवडलांनी मेंढरं राखली. त्या लोकांत कळप केवढा असं कुणी विचारलं की 'हायेत देवाची चार' म्हणून सोडून द्यायचं. खरा आकडा तोंडातून गेला की दृष्ट लागते. मल्हारीकडं आता मेंढरं नाहीत, थोड्या शेळ्या आहेत. किती, ते मला आजही ठाऊक नाही.

त्या साली पाऊस रुसला होता, जायकवाडीचा तळ दिसत होता, आणि संभाजीनगर मात्र करमाडच्या अंगानं पसरतच होतं. कुठल्या गल्लीत किती घरं, हे साहेबांनाही सांगता येईना. म्हणून शहराचा नकाशा संगणकावर करायचं ठरलं आणि त्यातला जाणकार सल्लागार नेमायला मुलाखती ठेवल्या. बहुतेकांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून साहेबांना झोप आणली. पुण्याच्या सायली मॅडमनी मात्र उलट साहेबांनाच विचारलं, "नकाशा झाल्यावर तो बघणार कोण?" ते तुम्हीच ठरवा, म्हणत साहेबांनी घाईघाईनं त्यांनाच नेमलं.

मल्हारी चहा देता देता ऐकत होता. ड्रोन उडणार, छपरं मोजणार, त्यावर घरपट्टी बसणार, एवढं त्याच्या कानी पडलं. टँकरच्या खेपाही त्याच नकाशावरून ठरणार, हे मॅडम सांगत होत्या तेव्हा तो कपबशा विसळायला गेला होता.

त्याची गल्ली गुंठेवारीतली, सरकारी कागदावर नसलेली. कचेरीतला माणूस म्हणून तिथं त्याला मान मोठा. त्यानं संध्याकाळी सगळ्यांना जमवलं. "वरून बघणार हायेत. जेवढं दिसंल तेवढी पट्टी."

"मंग दिसूच नाय द्यायचं," शेजारचा कडूबा म्हणाला.

झालं. पत्र्यांवर कडबा चढला, फाटक्या ताडपत्र्या चढल्या. मल्हारीनं तर शेळ्याही वर चढवल्या, म्हणजे गोठाच वाटावा. त्याची बायको पुतळाबाई खालून म्हणाली, "घर बांधलंय का चोरी केलीय?" पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे अतिशहाण्याला कधी पटत नाही.

ड्रोन आला, शेळ्यांनी माना वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा कडबा खायला लागल्या. मागून मॅडमची माणसं खात्री करायला आली, तर गल्ली एका सुरात म्हणाली, "इथं कोण ऱ्हातंय? जनावरं असत्यात." नकाशावर नोंद झाली: मोकळी जमीन, वैरण.

उन्हाळ्यात टँकर निघाला आणि गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढं गेला. वैरणीला पाणी कोण पाजतं? रांगेत लावलेले ड्रम तसेच कोरडे राहिले. कडूबानं मल्हारीला रामराम घालणं सोडलं. त्यात मल्हारीची लेक अक्षदा बाळंतपणाला आलेली. तान्ह्याची दुपटी धुवायलासुद्धा पाणी नाही. पुतळाबाई लांबच्या बोअरवरून हंडे आणायची. ती भांडली नाही. मल्हारीनं चहा मागितला की रिकामा कप पुढं ठेवायची आणि म्हणायची, "वैरणीला च्या कशाला?"

शेवटी तो चहाचा ट्रे घेऊन मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला. मीही तिथंच होतो.

"मॅडम, आमची गल्ली ऱ्हायली."

मॅडमनी ड्रोनचं चित्र काढलं. "ही? इथं तर शेळ्या आहेत."

"शेळ्यांच्या खाली माणसं हायेत."

मॅडमनी त्याच्याकडं नीट बघितलं. "तुमच्या घरात किती?"

मल्हारीनं ट्रे टेबलावर ठेवला. आता देवाची चार येणार, असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "सात. नातवाला धरून आठ. खोल्या तीन, आन् न्हाणी." एवढं बोलून त्यानं ट्रे पुन्हा उचलला. मला एकदम त्याच्याबद्दल माया वाटली.

पुढच्या आठवड्यात कडबा उतरला. दुसऱ्यांदा ड्रोन आला तेव्हा गल्ली पत्र्यावर उभी होती आणि कडूबा त्याला आपली अर्धवट भिंतही हातानं दाखवत होता. टँकर सुरू झाला. पुतळाबाईनं पहिला चहा ड्रायव्हरला दिला, दुसरा नवऱ्याला.

मॅडमनी मल्हारीला बोलावून पडद्यावर त्याचं घर दाखवलं. तो वाकून बघतच राहिला.

"आमचे आजे-पणजे जलमभर चालत ऱ्हायले," तो म्हणाला. "कुटं ऱ्हायले त्याची खूण नाय." मग हळूच विचारलं, "आता इथून कुणी उठवणार नाय ना?"

मॅडम त्याच्याकडं वळल्या. "ते माझ्या हातात नाही, काका. पण इथं घर नव्हतंच, असं आता कुणाला म्हणता येणार नाही."

मल्हारीनं पडद्यावरच्या घराला बोट लावलं.

"मंग जरा ठळक काढा," तो म्हणाला.