दादाच्या पेटाऱ्यातली उडणारी माणसं

माझ्या भावाचं दहावं आम्ही एकदा केलं होतं. तो जिवंत असताना.

आज पहाटे तो खरंच गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन, झोपेत.

फॅमिली ग्रुपवर सगळे हात जोडलेले इमोजी टाकतायत. मला मात्र वेगळंच लिहायचंय. आज नाही लिहिलं तर कधीच जमणार नाही.

आमचा कोळीवाडा काशीदच्या अलीकडे. आबा, म्हणजे आमचे वडील, सुकी मासळी मुंबईला धाडायचे. जवळा बांधायला रद्दी तिकडूनच यायची.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी त्या रद्दीत दादाला पहिलं कॉमिक सापडलं. लढाई संपल्यावर परदेशी सोल्जर घरी गेले आणि त्यांची पुस्तकं रद्दीत आली. पाठीवर कापड बांधलेला एक माणूस छपरावरून झेपावतोय, असं चित्र. दादा दहा वर्षांचा होता. मी पाळण्यात.

तेव्हापासून गठ्ठा स्वतः चाळल्याशिवाय त्याने आबांना मासळी बांधू दिली नाही.

आबा करवादायचे. "जवला उघडा पडला तरी चालंल, पन याचा झूलवाला भिजता न्हाय कामा!"

पण अंक ठेवायला जुना सागवानी पेटारा त्याला आबांनीच दिला होता.

मोठा झाल्यावर दादा मुंबईच्या धक्क्यावर खलाशांकडून अंक मागून आणायचा. तिथे बोटीवरच्या एका गोवेकर कुकने त्याला सांगितलं, की हे हिरो पहिल्यांदा काढले ते परमुलुखातून आलेल्या गरीब घरांतल्या पोरांनी. आईच्या कणीक मळायच्या फळीवर कागद ठेवून. मग एका कागदावर सही केली आणि आपला हिरो कंपनीला देऊन बसले.

पुढे कितीतरी जणांनी ती चित्रं काढली. बहुतेकांचं नावसुद्धा छापलं नाही.

दादाला ते फार लागलं. त्याने एक वही केली. चित्रांवरून माणूस ओळखायचा आणि त्याला स्वतःच नाव द्यायचा.

"लांब बोटंवाला."

"पाऊस बरा काढणारा."

मला म्हणायचा, "बाय, यातला एक जरी सापडला ना, त्याला पत्र लिवनार. सांगनार, हितं कोकनात एकानं तुजा हात वलखला."

त्यानेच मला सांगितलं होतं, की लढाईच्या दिवसांत अमेरिकेतल्या पोरांनी आपले अंक रद्दीत देऊन टाकले. देशाला कागद हवा होता म्हणून. "म्हनून जुनं गावत न्हाय. चांगल्या मनानंच घालवलं त्यांनी."

मी चौदा वर्षांची असताना दादाची होडी वादळात फुटली.

बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. दादाचं लागलं नाही. महिनाभर वाट पाहिली. मग भटजींनी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला लावला.

दहाव्याला वाळूवर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

ऊन डोक्यावर आलं. आबांनी हात जोडून काय काय कबूल केलं. आईला सांभाळीन, धाकटीचं लग्न नीट करीन. कावळे माडावर बसून नुसते बघत होते.

"पोराची कायतरी इच्छा ऱ्हायलीय," म्हातारे म्हणाले.

आई भोवळ येऊन पडली. मला ते बघवेना. मी ओरडले, "त्याचा जीव पुस्तकांत अडकलाय! पेटारा द्या त्याला!"

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग पेटारा आणवला, आत धोंडे भरले आणि होडीतून नेऊन खोल पाण्यात सोडला. वहीसकट.

होडी परत येईस्तोवर कावळा शिवला.

खरं सांगते, मला अभिमान वाटला होता.

कावळ्याचं बरोबर होतं हो. जिवंत माणसाच्या पिंडाला तो शिवत नव्हता. आम्हीच त्याला भूक लागेपर्यंत थांबलो.

पाच महिन्यांनी दादा रेवदंड्याहून चालत घरी आला. अरबांच्या गलबताने त्याला उचललं होतं आणि थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेलं होतं. त्याने तिथून टाकलेलं पत्र त्याच्यानंतर आठ दिवसांनी पोचलं.

आईने आधी त्याचे पाय बघितले, उलटे तर नाहीत ना. मग गळ्यात पडून रडली.

दादा पोटभर जेवला आणि मला म्हणाला, "बाय, माजा पेटारा कुटं हाय?"

मी त्याचं ताट उचलायला वाकले.

मागून आबा बोलले, "मीच टाकला दर्यात. माज्याच मनात आलं तसं."

"सगला?"

"सगला."

"वही पन?"

आबांनी मान हलवली.

त्या दिवसापासून दादा आबांशी एक शब्द बोलला नाही.

आबा पुढे अठरा वर्षं जगले. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत. "बाय, त्यांना सांग, जालं सुकलंय." असा निरोप माझ्यामार्फत जायचा. माझं लग्न होऊन मी किहीमला गेले, तेव्हा ते काम वहिनीकडे गेलं.

मी एकदा आबांना म्हटलं, "मी सांगते दादाला खरं काय ते."

"गप ऱ्हा," आबा म्हणाले. "माज्याशी न्हाय बोलत. तुज्याशी तरी बोलूंदे."

आबा गेले तेव्हा दादाने अग्नी दिला. डोळ्यांत टिपूस नाही. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. भ्याले. तो दर भाऊबीजेला किहीमला यायचा, ते मला घालवायचं नव्हतं.

त्याने पुन्हा एकही अंक जमवला नाही. गेल्या वर्षी नातवाने त्याला मोबाईलवर असलाच एक उडणारा हिरो दाखवला. दादाने एकच विचारलं, "चितारनाऱ्याचं नाव येतं का रं आता?"

"येतं ना आजोबा, शेवटी."

दादाने पिक्चर संपेपर्यंत मोबाईल सोडला नाही.

दादा, पेटारा आबांच्या मनात आला नव्हता. तो मी मागितला होता. माझी शिक्षा आबांनी अठरा वर्षं भोगली आणि मी तुझ्याकडून ओवाळणी घेत राहिले.

तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही. सॉरी म्हणायलाही आता उशीर झालाय.

जा दादा. तिकडे आबा भेटतील.

आता तरी त्यांच्याशी बोल.