स्वाझिगची चढण

स्वाझिग आणि मी कारखान्यात एकाच टेबलाशी उभ्या राहून सार्डिन माशांची डोकी उडवत असू. दुआर्ननेच्या बंदरात होड्या लागल्या की भोंगा व्हायचा. मग जेवत असा नाहीतर न्हात असा, टोपी घालून पळायचं. मासळी संपेपर्यंत सुटका नाही. सुटलो की अंगाला तेलाचा वास, बोटांना चिरा, आणि पुढ्यात घरापर्यंतची दगडी चढण. स्वाझिगचं घर तर अगदी वरच्या टोकाला.

त्या चढणीवरच दार्मोंनं तिला पाहिलं. पॅरिसहून आलेला सिनेमावाला, तिशीही न गाठलेला. चेहरा असा की बरेच दिवस कुणी धड वाढलेलं नाही.

"मादाम, मला तुमच्यावर सिनेमा करायचाय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त चढायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. कॅमेरा तुमच्या मागे असेल."

स्वाझिग माझ्याकडे वळली. "ऐकलंस का लेओंतीन? शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला माझा फोटो काढावासा वाटला, तर त्याला पाठ हवी!"

पण ती हो म्हणाली. नाहीतरी चढतेच आहे, म्हणाली.

सगळा शरद ऋतू हेच चाललं. दार्मोंला खरा थकवा हवा होता, म्हणून चित्रीकरण कारखाना सुटल्यावरच. ढग आला, कुत्रं मध्ये आलं, की "पुन्हा एकदा, मादाम." ती मुकाट खाली उतरायची आणि पुन्हा चढायची. एकदा मला राहवलं नाही.

"अहो, दिवसभर उभी होती ती!"

"म्हणूनच तर," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक वेळी तिच्या हातातली टोपली स्वतः खाली नेऊन द्यायचा. त्याच्या आत मात्र काहीतरी पेटलेलं होतं, त्यापुढे त्याला दुसरं दिसायचं नाही.

एका संध्याकाळी ती चढत असताना तिचा नवरा एर्वे खांद्यावर वल्ही घेऊन वरून उतरत आला. होडीवर निघाला होता. भिंतीच्या कडेनं तो तिच्या बाजूनं गेला. त्यानं पाहिलं नाही, तिनंही नाही. दार्मोंनं कॅमेरा थांबवला. त्या दिवशी तो "पुन्हा एकदा" म्हणाला नाही.

हिवाळ्यात पॅरिसला पहिला खेळ झाला. स्वाझिगला बोलावणं आलं, सोबतीला मी गेले. सिनेमा जवळजवळ दोन तासांचा. चढण, भिंत, तिची पाठ, तिचा श्वास. संगीत नाही. आधी लोक खोकू लागले, मग शिट्ट्या, मग उठणाऱ्यांच्या खुर्च्यांची आपटाआपट.

"अहो बाई, पोचा एकदाच्या!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं थेटर हसलं.

माझ्या अंगाचा भडका उडाला. स्वाझिगकडे पाहिलं तर ती झोपली होती, मान छातीवर टाकून. मी उठवलं नाही. पण पडद्यावर एर्वे उतरताना दिसला तसं थेटर गप्प झालं, आणि का कोण जाणे, मी तिला कोपरानं ढोसलं. तेवढंच तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना दार्मोंनं आम्हाला वर्तमानपत्रं वाचून दाखवली. एकानं लिहिलं होतं, ही प्रेक्षकांना दिलेली सजा आहे. दुसऱ्यानं मात्र रकाना भरून कौतुक केलं होतं. ते वाचताना त्याचा आवाज चढला: "एक झिजलेली म्हातारी, आणि तिच्याकडे न बघता जाणारा एक परका माणूस. आपल्या काळाचं सगळं एकटेपण या एका क्षणात आहे."

स्वाझिग कॉफी ढवळत राहिली. "म्हातारी म्हटलंय मला?"

"ते आपलं... कलेच्या अर्थानं, मादाम."

"आणि परका?"

दार्मोंनं पेपर खाली ठेवला. "तो तुमचा नवरा आहे, हे लिहिणाऱ्याला कसं कळणार?"

"खरंय," ती म्हणाली. "कसं कळणार."

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "आम्ही भांडलोही नव्हतो गं त्या दिवशी."

मी तिची पिशवी ठेवायला घरात गेले तेव्हा एर्वे जाळं सांधत बसला होता.

"कसा होता सिनेमा?"

"लांबलचक."

"मी आहे का त्यात?"

"आहेस. पेपरात आलंय तुझं. परका माणूस म्हणून."

एर्वेचा हात थांबला. "खांद्यावर वल्ही होती. भरती निघून चालली होती."

"माहितेय मला."

"तू तरी कुठे बघितलंस माझ्याकडे?"

"नाहीच बघितलं."

मला तिथून निघायचं सुचेना. तो उठला, चुलीवरचं सूप तिच्या वाडग्यात ओतलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "खा. गार होईल." ती कोट न काढताच खायला बसली.

त्यानंतर चढणीवर गाठ पडली की एर्वे थांबायचा.

"आलीस?"

"आले."

एवढंच. दोघं नुकतंच लग्न ठरल्यासारखी अवघडायची, आणि अवघडण्याइतकंही त्राण दोघांत नसायचं. धक्क्यावरचे लोक चिडवायचे, "काय रे एर्वे, कॅमेरा कुठे लपवलायस?" तरी तो थांबायचा. उन्हाळ्यात मासळी वाढली तशी दोघांची दमछाक वाढली. मग तो नुसती मान हलवू लागला, आणि पुढे तेही राहून गेलं. कुणी ठरवून सोडलं नाही.

सिनेमा आठवडाभरात थेटरातून उतरला होता. दार्मोंनं नंतर दुसरा केला नाही. दक्षिणेत कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवतो, असं कानावर आलं.

गुडघे गेल्यावर स्वाझिगनं कारखाना सोडला. आता बाजारहाट एर्वे करतो. नको ते कांदे आणतो, ती बडबडते, तो ऐकून घेतो. संध्याकाळी मी धापा टाकत वर जाते तेव्हा बहुतेकदा दोघं आपापल्या खुर्चीत झोपलेली असतात. मी चुलीत लाकूड सारते, भांड्यावर झाकण ठेवते आणि परत उतरते.