कपाटातली कवळी

दातांच्या कारखान्यात तिने बनवलेली कवळी बघून हे दात खोटे आहेत असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिचंच तोंड बांधलेलं. गिऱ्हाईक आलं की तिने सांगायचं, "पॉलिश बाकी आहे." पॉलिश केव्हाच झालेलं असायचं. कवळी मालकाच्या कपाटात, कुलपात. पंधरवडा उलटल्याशिवाय बाहेर येणार नाही. लगेच हवी? टाका अर्जंटचे जादा पैसे.

"जादा कसले, मालक?" तिने एकदा विचारलं. "मेहनत तीच, माल तोच."

"सगळ्यांना लगेच दिलं, तर अर्जंटला काळं कुत्रं तरी विचारील का? लोक ताटकळले, तरच घाईला भाव येतो."

ही धंद्याची मेख. खास गिऱ्हाइकाला जास्त काही द्यायचंच नाही. साध्याला छळायचं, की झालं!

आता त्याच कपाटात तिच्या बापाची कवळी पडली होती. तिच्याच हातची. आजारपणात उरलेसुरले दात काढावे लागले, तेव्हापासून म्हातारा हट्टाला पेटलेला. दात बसल्याशिवाय पातळ पेजही तोंडाला लावीना.

"अण्णा, एवढा चमचा तरी."

"बोळक्याला कसला चमचा? लेक दातांच्या कारखान्यात, नि बाप उपाशी!"

हसला. हसताना छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसल्या.

तिने मालकाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "पगारातून कापा."

"पगार आधीच उचललायस, बाई. तुला सोडलं तर उद्या झाडूवालाही मागेल."

शेवटी शेजारणीपुढे हात पसरला. पैसे टेबलावर आपटले, तेव्हा कुठे कुलूप उघडलं. धावत घरी आली, कवळी बसवली. घसरली. पुन्हा बसवली, पुन्हा घसरली. हिरड्या आटल्या होत्या, गाल खोल गेले होते. जिचं माप घेतलं, ती हिरडीच आता राहिली नव्हती.

"दात झकास आहेत गं," अण्णा पुटपुटले. "तोंड कुणाचं घेतलंस?" आणि भिंतीकडे वळले.

कवळी घेऊन ती तशीच कारखान्यात परतली. मालकाने मानही वर केली नाही. "नवं माप लागेल. साधं की अर्जंट?"

बाकावर एक म्हातारी तोंडावर पदर धरून बसली होती. ती म्हातारीजवळ गेली.

"आजी, तुमची कवळी तयार आहे. कधीची. त्या कपाटात."

"ए, डोकं फिरलं का तुझं?" मालक उठला.

"घेतल्याशिवाय हलू नका, आजी," म्हणत तिने बापाची कवळी मुठीत आवळली आणि ती म्हातारीच्या शेजारी बसली.