मनुबाईचा दगड आणि मुकादमाची मान

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हते. परवा पेपर आहे. पण काल मनुबाईला भेटून आले आणि पुस्तकात डोकंच लागंना.

जांबोटीची ही मनुबाई डोईवर फणसांची पाटी घेऊन एकटीच बाजाराला निघायची. चढ संपला की वाटेत दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड, बरोब्बर डोक्याच्या उंचीचा. पाटी त्यावर सरकवायची, दम घ्यायचा, परत डोक्यावर ओढून चालू पडायचं. कुणाच्या हाताची गरज न्हाय. गोव्याकडनं मिठाचे बैल याच वाटेनं यायचे, तेव्हापासूनचा तो दगड.

एकोणऐंशी साली त्या वाटेवर डांबर आलं. चिकोडीकडच्या सत्याप्पा मुकादमानं दगडावर चुन्याची फुली मारली. म्हणजे फोडून खडी!

"आप्पा, ह्यो फोडलास तर मी वजं कुठं टेकवू रं?"

"खाली ठेवायचं की आक्का. एवढी जमीन पडलीया."

"आन् परत उचलून कोण देणार? तुझा बा?"

खडी टाकणाऱ्या बाया फिस्सकन हसल्या. सत्याप्पा पेटला. "त्यात काय लई मोठं? आण ती पाटी!"

मनुबाईनं लगेच चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, एका बाईनं हात लावला, चढली पाटी. चार फणस. "त्या वळणापतोर जा, एकट्यानं खाली ठेव. फुटला तर तूच खायचास, चिकासकट!"

गडी तोऱ्यात गेला. वळणावर वाकावं तर पाटी पुढं येती, बसावं तर गुडघे ऐकंनात. रोडरोलरला टेकायला गेला, तर तो तापलेला. "आई गं!" बाया घमेली ठेवून रांगेनं बघत उभ्या. शेवटी मान ताठ, डोळे बाहेर, असा तो परत आला आणि पाटी गपकन त्या दगडावर सरकवली.

मनुबाईनं पाण्याचा तांब्या दिला.

पाणी पिऊन त्यानं धोतराच्या सोग्यानं फुली पुसली. "रस्ता जरा तिकडनं घ्या रं. सायबाला मी सांगतो."

म्हणून त्या जागी गोव्याची बस अजून अंग मोडते आणि सगळे एकमेकांवर कलंडतात!

दगड वाचला, पण आता डोईवर वजं घेऊन कुणी येतच न्हाय. मनुबाई तिथंच गरे घेऊन बसते, वाट बघत. तेवढं फणस संपायच्या आत जाऊन या की. ती पाटी डोक्यावर देईल, न्हाय म्हणू नका. मी वीसच पावलं गेले. तिला लई हसू आलं.